आपल्या माणसाला नळी लावायची नाही

केडगावला पुणे रोडच्या कडेला माझी पीयूसीची व्हॅन उभी असते. व्हॅन म्हणायची एवढंच. ती कुठं जात नाही, तिची चाकं कधीच मातीत बसली आहेत. आत एक मशीन, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक छोटा पंखा आणि मी. गाड्यांचा धूर तपासायचा आणि तो नियमात बसत असेल तर सरकारी कागद द्यायचा, हे माझं काम. दिवसभर माणसांची रांग असते, पण त्यातलं कुणी माझ्याकडे आलेलं नसतं. गाडी लावतात, खिडकीतून हात आत घालतात, "जरा लवकर करा, उशीर होतोय" म्हणतात आणि कागद घेऊन निघून जातात. दातांच्या डॉक्टरकडे माणूस निदान घाबरून तरी बसतो. माझ्याकडे तेवढाही वेळ कुणाला नसतो.

ही व्हॅन मी ज्या गृहस्थांकडून घेतली त्यांनी मशीन शिकवायच्या आधी मला एक गोष्ट शिकवली. म्हणाले, "हे बघा, आपल्या माणसाला नळी लावायची नाही." नळी म्हणजे मशीनची ती लांब नळी, जी गाडीच्या सायलेन्सरमध्ये घालून आतला धूर ओढून घेतात. आणि आपला माणूस म्हणजे भावकीतला, गाववाला, गल्लीतला, ज्याच्या लग्नात आपण पंगतीला वाढलं आहे असा कुणीही. त्याची गाडी आली की आधी चहा सांगायचा, घरच्यांची चौकशी करायची आणि बोलता बोलता कागद काढून त्याच्या हातात ठेवायचा. नळी लावली तर त्याचा अर्थ एकच, की तुझ्यावर माझा भरवसा नाही. सुरुवातीला मी भाबडेपणानं एका लांबच्या मेहुण्याच्या मोटारसायकलला नळी लावली होती. गाडी पास झाली, पण पुढच्या लग्नात तो माझ्याशेजारून उठून दुसऱ्या रांगेत जाऊन जेवला.

पुढे सगळं ऑनलाईन झालं. नंबर प्लेटचा फोटो काढायचा, मशीनचा आकडा थेट सरकारच्या कॉम्प्युटरवर जाणार, मध्ये आमचा हात नाही. आम्हा धंदेवाल्यांना वाटलं, आता संपलं. पण आमच्या लोकांनी त्यातूनही वाट काढली. फोटो आपल्या माणसाच्या गाडीचा काढायचा आणि नळी शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या नव्या कोऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये घालायची. सरकारला आकडा मिळाला, आपल्या माणसाचा मान राहिला. हे सगळ्या रस्त्यावर चालायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

माझा सगळ्यात आपला माणूस म्हणजे माझा मित्र. आम्ही जामखेडकडच्या एकाच गावचे. पाऊस तिकडचा रस्ता विसरला तशी आम्हीही एकाच वर्षी गाव सोडलं आणि नगरला आलो. आता शहराचं नाव बदललं, बोर्डही बदलले, पण आमच्या तोंडात अजून नगरच आहे. मी आयटीआय केलं होतं म्हणून गॅरेजमध्ये लागलो आणि तिथून या व्हॅनपर्यंत आलो. त्यानं आधी हमाली केली, मग दुसऱ्याचा टेम्पो चालवला, मग स्वतःचा घेतला. केडगावात एकाच गल्लीत आम्ही घरं बांधली, मध्ये फक्त एक घर सोडून. तो कांद्याच्या गोण्या मार्केटला पोचवायचा आणि त्यासाठी पहाटेच निघायचा.

टेम्पो जुना होता. त्याच्यावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव. गोण्या जास्त भरता याव्यात, चढाला गाडीनं दम टाकू नये म्हणून त्यानं डिझेलचा पंप वाढवून घेतला होता. सगळेच घेतात. इंजिनात डिझेल जास्त जातं, गाडी ओढते चांगली, आणि जे जळत नाही ते काळं होऊन मागून बाहेर पडतं. तो त्या धुराकडे कौतुकानं बघायचा. "काळा धूर निगतो म्हंजी गाडी तब्येतीत हाय," असं त्याचं शास्त्र होतं.

पहाटे टेम्पो सुरू केल्यावर तो बराच वेळ तसाच गुरगुरत ठेवायचा. इंजिन गरम झालं पाहिजे म्हणायचा. मग आमच्या घरापाशी यायचा, खिडकीच्या गजावर दोनदा किल्ली वाजवायचा आणि ओरडायचा, "वहिनी, निघालो! त्या आळशाला उठवा आता!" आळशी म्हणजे मी. माझी बायको आतून म्हणायची, "सावकाश जा भावजी." रोज, वर्षानुवर्षं. आमच्या घरी गजराचं घड्याळ कधी आणलंच नाही.

माझ्या बायकोला दम लागायला कधी लागला ते नेमकं सांगता येत नाही. आधी ती गच्चीचा जिना चढली की थांबायची. मग कपडे वाळत घालताना थांबायला लागली. थंडीत तर पहाटे उठून बसायची, गुडघ्यावर हात टेकून, आणि श्वास असा ओढायची की बाजूला पडलेल्या मलाच गुदमरल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी तपासलं, तोंडात मारायचा पंप दिला आणि विचारलं, "घरात चूल आहे का? कुणी विडी ओढतं का?" दोन्ही नव्हतं. "मग घराजवळ धूर कसला येतो?" ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे.

घराजवळ धूर कसला येतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, पहाटेची जड हवा. टेम्पोचा धूर वर जायचाच नाही. तो जमिनीलगत सरकत यायचा आणि आमच्या खिडकीतून आत शिरायचा. ती खिडकी लावून घ्यायला लागली. मग फटीत फडकं कोंबायला लागली. तरीही तो किल्ली वाजवायचा तेव्हा ती फडकं काढायची, खिडकी उघडायची आणि हसून म्हणायची, "सावकाश जा भावजी." मग खिडकी लावून खोकत बसायची.

मी म्हणालो, "मी सांगतो त्याला."

ती म्हणाली, "खबरदार. ती गाडी म्हणजे त्यांचं पोट आहे. आणि कोणत्या तोंडानं सांगणार?"

खरंच, कोणत्या तोंडानं? आमच्या मुलीच्या वेळी भर पावसात रिक्षा मिळेना, तेव्हा त्यानंच मालकाला न विचारता टेम्पो काढला होता. गोण्यांवर गोधडी टाकून बायकोला झोपवलं आणि सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत खड्डा चुकवत चुकवत असा नेला की जणू मागं काचेचं सामान आहे. त्या नोकरीवर त्याला पाणी सोडावं लागलं. त्याबद्दल तो एका शब्दानं कधी बोलला नाही. अशा माणसाला जाऊन सांगायचं की बाबा, तुझ्या गाडीमुळे माझ्या बायकोला श्वास घेता येत नाही? आमच्याकडे माणूस भिडेपायी काय काय सोसतो याचं माप काढणारं मशीन अजून निघालेलं नाही.

शेवटी मुलगी आली आणि तिला बेलापूरला घेऊन गेली. मुलीचं घर शेतात आहे, प्रवरेच्या बाजूला. तिकडेही उसाचं पाचट पेटवतात, अगदी शुद्ध हवा आहे असं नाही, पण पहाटे कुणी खिडकीखाली टेम्पो सुरू करत नाही. आठवडाभर राहीन म्हणून गेली. आठवड्यानंतर फोनवर म्हणाली, "काल रात्रभर झोपले हो. एकदाही उठले नाही." मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी म्हणालो, "मग राहा अजून थोडे दिवस." फोन ठेवला आणि मला तिचा रागच आला. रात्रभर झोपली म्हणे.

मित्राला मी सांगितलं की मुलीकडे कामं निघालीत म्हणून ती राहिली आहे. तो रोज विचारायचा, "वहिनी कवा येनार?" मी म्हणायचो, "येईल." रिकाम्या घराच्या खिडकीवर तो किल्ली वाजवायचा आणि ओरडायचा, "ए आळशा, ऊठ!" आणि त्याच्यामागून तो धूर यायचा. खिडकी लावायला कुणी नव्हतं. मी अंथरुणात पडून तो वास घ्यायचो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायचो. दिवसा व्हॅनवर तो भेटला की त्याच्याबरोबर चहाही प्यायचो.

बायकोशिवायचं घर फार मोठं होतं. दोनच खोल्या, पण संपता संपायच्या नाहीत. मी पिठलं करायचो आणि तेच दोन वेळा खायचो. टीव्ही लावायचो तो आवाजासाठी. तिचे फोन यायचे, पण तिच्या बोलण्यात आता मुलीच्या घरचे विषय असायचे, तिकडच्या शेजारणी, तिकडची गाय. एकदा हळूच म्हणाली, "जावयाच्या घरी असं किती दिवस राहायचं हो? ते काही म्हणत नाहीत, पण मलाच कसंतरी होतं. थंडी सरली की येते. गल्लीत धूर आहे का अजून?"

मी म्हणालो, "आहे."

"मग अजून थोडं बघते," ती म्हणाली.

म्हणजे माझी बायको घरी येणार की नाही, हे त्या एका सायलेन्सरवर ठरणार होतं. आणि मी, दिवसभर सायलेन्सर तपासणारा माणूस, त्याबद्दल काही करत नव्हतो. हा विचार डोक्यात शिरला आणि मग निघेना.

जुन्या गाडीचा कागद सहा महिने चालतो. त्याचा संपला तसा तो आला. त्या सुमारास पीयूसी नसेल तर पंपावर डिझेल मिळणार नाही अशी बातमी फिरत होती, त्यामुळे माझ्याकडे नेहमीपेक्षा मोठी रांग होती. तो रांग सोडून थेट पुढे आला, टेम्पो व्हॅनला घासून उभा केला आणि खिडकीतूनच म्हणाला, "दोन चहा सांग. आन् ती पांढरी कार बघ, नवी हाय. लाव तिला नळी, फोटू माझा काढ."

मी व्हॅनमधून उतरलो. हातात नळी होती. पांढऱ्या कारपाशी न जाता मी त्याच्या टेम्पोच्या मागे गेलो. आधीपासून काही ठरवलेलं नव्हतं. पाय तिकडे वळले.

त्यानं मला आरशात बघितलं. "ए, काय करतो?"

"रेस दे," मी म्हणालो. डिझेल गाडी तपासताना उभ्या जागी एक्सिलेटर पूर्ण दाबावा लागतो.

"डोकं फिरलं का तुजं? मी हाय, मी!"

"रेस दे म्हणतो ना."

तो हसला. त्याला वाटलं चेष्टा चाललीय. चेष्टेला साथ म्हणून त्यानं पाय खाली दाबला. टेम्पो थरथरला आणि मागून काळा लोट बाहेर पडला. माझ्या शर्टावर, तोंडावर, रांगेतल्या लोकांवर. पांढऱ्या कारमध्ये बसलेल्या बाईंनी घाईघाईनं काच वर घेतली. अगदी माझ्या बायकोसारखी. ते मी बघितलं आणि मला जरा जास्तच चेव आला. "परत दे," मी ओरडलो. "अजून दे."

आत येऊन बघितलं तर स्क्रीनवर लाल अक्षरं होती. गाडी नापास. आकडा सरकारकडे गेलेला होता. तो इंजिन बंद करून खाली उतरला आणि व्हॅनच्या दारात उभा राहिला. हसू अजून तोंडावर होतं, पण ते कुणीतरी विसरून गेल्यासारखं.

"मला नळी लावली तू," तो म्हणाला.

"काम करून आण. पंप कमी कर, नोझल बदल. मग देतो कागद."

"पर का?"

तीच वेळ होती. त्याच क्षणी सांगता आलं असतं. त्याचा चेहरा समोर होता, मागं रांग होती, रांगेतले लोक कान देऊन ऐकत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "नियम आहे."

"नियम?" तो म्हणाला. "कवापासनं?"

एवढंच बोलून तो गेला. त्याच्यासाठी सांगितलेला चहा तेवढ्यात आला. मी तोही पिऊन टाकला, रागाच्या भरात.

बातमी माझ्या आधी गल्लीत पोचली. हा आता आपल्या माणसालाही नळी लावतो. कोपऱ्यावरचा चहावाला मला म्हणाला, "साहेब, आमच्या चहात पाणी किती तेबी तपासा एकदा." लोक हसले. मीही हसलो, पण नाकाला मिरच्या झोंबल्याच. माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. गल्लीतल्या गाड्या माझ्या व्हॅनसमोरून जायच्या आणि पुढच्या चौकातल्या दुसऱ्या व्हॅनपाशी थांबायच्या. पूर्वी दुपारी कुणी ना कुणी टेकायचं माझ्याकडे, गावाकडच्या गप्पा व्हायच्या. आता तेही थांबलं. राहिली ती रांगेतली अनोळखी माणसं, जरा लवकर करा म्हणणारी.

त्याचा टेम्पो बरेच दिवस त्याच्या दारात ताडपत्री टाकून उभा होता. तो दुसऱ्याच्या गाडीवर रोजानं जायला लागला होता, असं त्याच्या घरासमोरच्या बाईंनी मला ऐकू जाईल अशा आवाजात कुणाला तरी सांगितलं. मग एक दिवस टेम्पोही दिसेनासा झाला. विकला असेल, मला वाटलं. विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं तोच समोरून आला की मोबाईल बघत जायचा.

बायकोला फोन करून सांगितलं, "गल्लीत धूर नाही आता."

ती म्हणाली, "का? भावजींची गाडी कुठं गेली?"

"कामाला दिली असेल."

"असेल म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

मी विषय बदलला. त्या दिवसांत पहाटे मला आपोआप जाग यायची. खिडकी उघडी असायची. हवा थंड आणि चांगली असायची, खोटं कशाला बोलू. मी एकटा पडून ती चांगली हवा घेत राहायचो आणि कान खिडकीच्या गजाकडे असायचे.

तो आला तेव्हा मी त्याला लगेच ओळखलंच नाही, कारण तो रांगेत उभा होता. माझ्या व्हॅनच्या रांगेत तो आयुष्यात कधी उभा राहिला नव्हता. पुढच्या गाड्या सरकल्या तसा तो सरकत आला. टेम्पो तोच होता, पुसलेला, मागचे दोन्ही फाळके रंगवलेले. तो खाली उतरला, हाताची घडी घातली आणि माझ्या डोक्यावरून कुठंतरी बघत म्हणाला, "पीयूसी काढायचीय, साहेब. नळी लावा."

आधी वाटलं, टोमणा मारतोय. टोमणा असता तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि कदाचित सगळं तिथंच मिटलं असतं. पण तो टोमणा नव्हता. रांगेतली इतर माणसं जसं बोलतात तसंच तो बोलत होता.

मी नळी लावली. त्यानं रेस दिली. सायलेन्सरमधून नुसती गरम हवा आली, बारीक करडी रेघ आणि बस. पंप पूर्ण खोलून काम केलं होतं. स्क्रीनवर हिरवी अक्षरं आली. मी कागद काढला, तो त्यानं घडी न करता हातात धरला.

"किती झाले तुमचे?" त्यानं विचारलं.

तुमचे. गावच्या शाळेत आम्ही एका पाटावर बसायचो. आम्ही एकमेकांच्या आईच्या हातचा मार खाल्ला आहे. त्या माणसानं मला तुमचे म्हटलं आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हणालो, "चहा घेऊन जा की."

"नको," तो म्हणाला. "उशीर होतोय."

पैसे खिडकीत ठेवून तो गेला. मी पुढची गाडी घेतली, कारण मागं हॉर्न वाजायला लागले होते.

थंडी सरल्यावर मी बायकोला आणायला बेलापूरला गेलो. तिचा रंग उजळला होता, चालताना थांबत नव्हती. एसटीत तिनं मला गल्लीतल्या सगळ्यांची खबर विचारली आणि मी सगळी ठीक दिली. घरी आल्यावर तिनं माझ्या दोन खोल्यांकडे बघितलं, पदर खोचला आणि झाडायला घेतलं. रात्री झोपताना खिडकी उघडी ठेवली.

पहाटे टेम्पो सुरू झाला. कागद नेल्यापासून टेम्पो आमच्या खिडकीपाशी न थांबताच जायचा. यावेळी तो गुरगुरत राहिला नाही, लगेच पुढे आला, आणि आमच्या खिडकीच्या गजावर दोनदा किल्ली वाजली.

"वहिनी! राती दिवा बघितला, म्हणलं आल्या जनू. इतके दिस का ऱ्हायला लेकीकडं?"

बायको उठून खिडकीशी गेली. आणि जे तिनं मला सांगू दिलं नव्हतं, जे मी महिनोन्महिने छातीवर घेऊन फिरत होतो, ते ती भाजीचा भाव सांगावा तसं बोलून गेली. "अहो भावजी, दम लागायचा मला. पहाटे धूर यायचा आत. मुलीकडं जरा मोकळं वाटलं."

त्यानं गज धरला. मग तो म्हणाला, "माज्या गाडीचा?"

"तुमच्या एकट्याच्या गाडीचं काय हो, सगळ्यांचाच," ती म्हणाली, पण उशीर झाला होता.

"वहिनी," तो म्हणाला आणि त्याचा आवाज बदलला, "सांगायचं न्हाई का? म्या त्याच दिवशी पंप खोलला असता. त्याच दिवशी. चार मान्सांत नळी लावायची काय गरज हुती?"

बायकोनं मागं वळून माझ्याकडे बघितलं. "कसली नळी?"

मी अंथरुणात उठून बसलो होतो. खिडकीतून तो मला दिसत होता, आणि त्याला मी. मला बरंच काही बोलायचं होतं. की तूच म्हणायचास काळा धूर म्हणजे तब्येत. की नियमानं मी बरोबरच होतो. की तुझ्या तोंडावर हे बोलायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मशीनला बोलायला लावलं. मी नुसती गोधडी बाजूला सारली. तोच म्हणाला, "तुमी तरी बोलायचं हुतं." रागानं नाही. मग बायकोला म्हणाला, "काळजी घ्या वहिनी," आणि गेला. मागं धूर नव्हता.

बायकोनं त्या दिवशी सगळं माझ्याकडून काढून घेतलं. ऐकून झाल्यावर ती भांडी घासायला बसली. मी म्हणालो, "बोल की. चुकलं असेल तर तसं म्हण. पण मी नसतं केलं तर तू आलीच नसतीस." ती म्हणाली, "आले नसते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "रस्त्याला एवढ्या व्हॅन उभ्या असतात. काम करून झाल्यावर ते तुमच्याकडंच का आले?"

 त्याच्या येण्याचे मी वेगवेगळे अर्थ लावून बघतो, माझ्या सोयीचे. त्याचा कागद सहा महिन्यांनी संपेल. तेव्हा नियमानं त्याला कुठल्या तरी व्हॅनपाशी यावंच लागेल, आणि माझ्याकडे आला तर मी आधी चहा सांगणार आहे. नळी मग लावीन. लावणार मात्र आहे.

बायकोची तब्येत आता बरी आहे. फडक्याचं तिनं पायपुसणं केलं. मित्र रोज पहाटे निघताना खिडकीवर किल्ली वाजवतो आणि हाक मारतो, "वहिनी, निघालो!" ती म्हणते, "सावकाश जा भावजी." मी तेव्हा जागाच असतो. तरीही डोळे मिटून पडून राहतो, त्यानं आळशाचं ते पुढचं वाक्य म्हणावं म्हणून, आणि टेम्पोचा आवाज गल्लीच्या तोंडाशी जाऊन पुणे रोडला मिळेपर्यंत उठत नाही.